धर्माबादच्या मिरचीवरचं तेल

आमच्या ऑफिसात माझ्याविषयी एक गोष्ट कायम बोलली जाते, की ही बाई कुणावर विश्वास ठेवत नाही. त्यात थोडी अतिशयोक्ती आहे. मी मालावर विश्वास ठेवत नाही, आणि माल कुणी ना कुणी पाठवलेला असतो, म्हणून माणसंही ओघानं त्यात येतात. मसाले परदेशी पाठवणाऱ्या कंपनीत माल तपासायची नोकरी केली की असंच होतं. मिऱ्यांत पपईच्या बिया, हळकुंडांवर पिवळा रंग, धन्यांत खडे, सगळं बघून झालंय माझं. त्यामुळे शेठनी बोलावून "लातूरला जायचंय" म्हटलं तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, "त्यांनी काय केलंय?"

प्रकरण असं होतं. लातूरचे एक व्यापारी, मन्मथअप्पा, आम्हाला बिनदेठाची लाल मिरची पुरवत. मिरची धर्माबादच्या बाजारातली, गोदामही तिथंच. आम्ही ती लंडनच्या एका व्यापाऱ्याला पाठवायचो. मागच्या खेपेला लंडनहून तक्रार आली की पोत्यांवर तेलाचे डाग आहेत आणि मिरची हाताला ओशट लागते. आता जुन्या, मरगळलेल्या मिरचीला तेलाचा हात फिरवला की ती नव्यासारखी चमकते, ही लबाडी आमच्या धंद्यात शेंबडं पोरही ओळखतं. लंडनवाल्यानं बजावलं होतं की पुढची खेप अशीच आली तर तो दुसऱ्या देशातून मिरची घेईल. ती पुढची खेप धर्माबादला तयार होती. मी जाऊन बघायचं, आणि तेल सापडलं तर अप्पांशी व्यवहार कायमचा बंद, असं ठरलं.

"तेल सापडेलच," मी शेठना म्हटलं आणि टीपकागदाचा गठ्ठा पिशवीत भरला.

कुर्डुवाडीला मोठी गाडी सोडून लातूरच्या छोट्या गाडीत बसले. ही नॅरोगेजची गाडी इतक्या निवांत चालते की माणसं मधेच उतरून विडी पेटवून पुन्हा चढतात. दुष्काळाचं हे दुसरं वर्ष. खिडकीतून दिसायची ती नुसती काळी, भेगाळलेली रानं आणि मधूनच खडी फोडणारी माणसं. माझ्यासमोर एक कारकून बसले होते, आणि त्यांच्या शेजारच्या जागेवर एक घडीची खुर्ची. माणूस बसवावा तशी ती बसवली होती.

"नव्या जिल्ह्यात बदली झाली," ते म्हणाले. लातूरचा जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते. "ऑफिस आहे, शिक्के आहेत, साहेब पण आलेत. खुर्च्या नाहीत. म्हणून घरची घेऊन चाललोय."

मी खुर्चीच्या खालच्या बाजूला सरकारी नंबर आहे का ते वाकून बघितलं. नव्हता. पुसलेला असावा असं मला उगाच वाटत राहिलं. त्यांनी मला भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दिली, ती मात्र मी खाल्ली.

लातूर स्टेशनावरचा नळ कोरडा होता आणि तरी त्याच्यापुढे घागरींची रांग होती. गावात जिकडे तिकडे नव्या पाट्या. ओल्या रंगाचा वास यावा इतक्या नव्या. 'जिल्हा' हा शब्द सगळ्यांत मोठ्या अक्षरात, आणि पाटीखाली रिकामी पिंपं. लॉजच्या मॅनेजरनं किल्लीबरोबर एक बादली दिली.

"एका माणसाला एक बादली, बाई. आंघोळ, तोंड, कपडे, समदं ह्यातच."

"बादली भरलेली नाही."

"भरली तर सांडती की," तो म्हणाला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या मोठ्या बाजारात, अप्पांच्या आडतीवर गेले. मी मनात एक गोल, गोड बोलणारा, अंगठ्या घातलेला माणूस धरला होता. निघाले भलतेच. उंच, वाळलेले, पांढरं धोतर, कपाळावर भस्माचे पट्टे आणि गळ्यात चांदीच्या डबीत लिंग. बोलणं इतकं हळू की दोनदा विचारावं लागायचं. हळू बोलणाऱ्या माणसांचा मला जास्त संशय येतो.

"या बाई. लई लांबून आलात," ते म्हणाले आणि त्यांनी स्वतः उठून मला पाण्याचा पेला भरून दिला. काठोकाठ. सगळं गाव थेंब मोजत असताना हा माणूस मुंबईहून तपासणीला आलेल्या बाईला काठोकाठ पेला देतो, याचा अर्थ मी लगेच लावला. पाणी प्यायले, पण अर्थ सोडला नाही.

बोलणी चालू असताना माझी नजर मागच्या अंगणात गेली. तिथं एका ट्रकमध्ये बारदान, म्हणजे रिकामी पोती, चढवत होते, आणि बारदानाच्या शेजारी तेलाचे पत्र्याचे डबे. झाकणांवर निळ्या रंगाचा पट्टा.

"हे तेल कुठं चाललंय?" मी विचारलं.

"धर्माबादला."

"मिरचीच्या गोदामात तेलाचं काय काम?"

अप्पांनी खाली बघितलं. गळ्यातल्या डबीवरून बोट फिरवलं. "असंच. बायामाणसांसाठी. चला, जेवायची येळ झाली." आणि उठले.

मी उठले ती आनंदानं. खरं सांगते, चोर सापडला की मला भूक लागते.

अप्पांचं घर जवळच होतं. त्यांच्या बायकोनं, सगळे तिला अक्का म्हणत, ज्वारीची भाकरी, वरण आणि कारळाची चटणी वाढली. चटणीत खळगा करून त्यात करडईच्या कच्च्या तेलाची धार धरली. तिकडे असंच खातात, आणि एकदा खाल्लं की आपल्याकडची चटणी कोरडी लागते. मी म्हटलं, "तेल फार छान आहे. धर्माबादला जातं ते हेच का?"

"हावं की," अक्का खुलून म्हणाल्या. "ते तर आमचे हे गेल्या साली शिमग्याला गेलते ना, तवापासनं त्या तिथल्या..."

"अगं, बाईला वाढ की," अप्पा मधेच म्हणाले. एरवी न ऐकू येणारा आवाज या वेळी चांगला ऐकू आला. अक्कांनी भाकरी वाढली.

निघताना अप्पा म्हणाले, "उद्या मला आडतीवर काम हाय. परवाच्याला संगट जाऊ धर्माबादला. गाडीची तकलीफ नको तुम्हाला."

"बरं," मी म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं एकटीच नांदेडला निघाले. त्यांच्याआधी गोदामात पोचायचं, झाकाझाकी करायला वेळच द्यायचा नाही, हा माझा बेत. स्वतःच्या हुशारीवर मी अहमदपूरपर्यंत खूष होते.

लोह्याच्या अलीकडे एसटी तापली. पुढून वाफ निघायला लागली. कंडक्टर डबडं घेऊन रस्त्याकडेच्या हॉटेलात गेला आणि रिकामाच परत आला. "माणसाला न्हाई तर गाडीला कुठून देऊ, म्हणतो." मग तो गाडीत चढला आणि डबडं पुढे धरून उभा राहिला. लोक आपापल्या तांब्यातलं, बाटलीतलं थोडं थोडं पाणी त्यात ओतायला लागले. एका म्हाताऱ्यानं तर आधी एक घोट पिऊन घेतला आणि उरलेलं सगळं दिलं. मीही माझ्या फिरकीच्या तांब्यातलं दिलं, आणि खिडकीतून मान काढून ते खरंच इंजिनात जातंय ना ते बघितलं. गेलं.

नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या धर्मशाळेत उतरले. तिथं लंगरमध्ये जेवले, म्हणजे पंगतीत बसून फुकट. फुकट म्हटल्यावर माझ्या घशाखाली घास उतरेना. वाढणाऱ्या सरदारजींना विचारलं की हे सगळं कोण देतं. ते म्हणाले, "खाओ बेटी, पूछो मत," आणि आणखी एक रोटी वाढून पुढे गेले. मला हे उत्तर पटलं नाही. पैसा कुठून येतो ते सांगत नाहीत म्हणजे काय, असा विचार करतच मी ती रोटी संपवली.

सकाळी मीटरगेजची गाडी धरली. मुदखेड जंक्शनला ती बराच वेळ थांबली, कारण इंजिनाला पाणी भरायचं होतं. उंच खांबाच्या सोंडेतून इंजिनात पाणी पडायला लागलं तशा फलाटाच्या टोकाकडून बायका धावत आल्या. हंडे, घागरी, एकीच्या हातात तर नुसता तवा. सोंडेच्या जोडातून जे गळत होतं त्याच्याखाली त्या एकमेकींना ढकलत उभ्या राहिल्या. फायरमन वरून "हटो, हटो" करत होता, पण सोंड काढताना त्यानं ती मुद्दाम थोडी उशिरा बंद केली. बायकांवर पाणी पडलं आणि त्या हसायला लागल्या. मी बघत राहिले. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "आमच्या गावात गाडी थांबत न्हाई, मुदखेडचे नशीबवान."

धर्माबाद जवळ आलं हे डोळे मिटूनही कळतं. आधी नाक चुरचुरतं, मग घसा. स्टेशनाबाहेर पडेपर्यंत निम्मी गाडी खोकत होती. इथली भाषा मराठी, पण टांगेवाला घोड्याशी तेलुगूत बोलत होता. मिरचीबाजारात लाल ढीगच्या ढीग, आणि त्यावर चढून फावड्यानं मिरची ओढणारी तोंडाला फडकी बांधलेली माणसं. अप्पांचं गोदाम बाजाराच्या मागे होतं. मी न सांगताच आत शिरले.

पत्र्याच्या छपराखाली पन्नासएक बायका मिरचीच्या ढिगांभोवती गोल करून बसल्या होत्या आणि देठ खुडत होत्या. चिमटीत मिरची, नखानं देठ, मिरची एका बाजूला, देठ दुसऱ्या बाजूला. कुणी वर बघेना, इतका हात चालू. भिंतीशी तयार पोती शिवून ठेवलेली. आणि दारातच, निळ्या पट्ट्याचा तेलाचा डबा. झाकण उघडं.

मी कुणाला काही विचारलं नाही. एक पोतं उसवून घेतलं, मधल्या मिरच्या काढल्या, टीपकागदात दाबल्या आणि उजेडाकडे धरल्या. कागदावर पारदर्शक डाग. दुसरं पोतं, पुन्हा डाग. मग अजून न खुडलेल्या ढिगातली देठाची मिरची दाबून बघितली. कागद कोरडा. म्हणजे बाजारातून मिरची चांगली येत होती आणि या छपराखाली तिला तेल लागत होतं. मी डब्याजवळ गेले आणि मोठ्यानं म्हटलं, "हे तेल मिरचीला कोण लावतं?"

एक पन्नाशीची बाई उठून आली. कपाळावर मोठं कुंकू, पदर कमरेला खोचलेला. ती बायकांची मुकादम, नरसाबाई.

"मिरचीला?" ती म्हणाली. "मिरचीला कशाला लावू अम्मा? हाताला हाय ते."

आणि तिनं आपले दोन्ही हात माझ्यापुढे धरले. तेलानं चमकत होते, आणि तेलाखालून बोटांची कातडी लाल, सोलवटलेली दिसत होती.

"दिसभर खुडलं की हात पेटतेत. आदी बादलीत ताकपाणी ऱ्हायचं. हात बुडवायचे, परत बसायचं. आता प्यायालाच पाणी न्हाई, बादलीला कुठून आणावं. जनावरं छावणीत, मग ताक तरी कुठलं. गेल्या शिमग्याला अप्पा आल्ते. ही पोरगी हात काखेत घालून रडून राहिली होती." तिनं एका लग्न होऊन वर्षही न झालेल्या मुलीकडे बोट दाखवलं. "ते बघितलं अन् अप्पा काय बी बोलले न्हाईत. पुढच्या गाडीला तेलाचा डबा आला. तवापासनं येऊन राहिलाय. कुणाला सांगू नका म्हणले."

"का?"

"ते त्यांनाच इचारा."

मला खूप राग आला, आणि तो कुणाचा हे कळेना. तेल तर होतंच. टीपकागद खोटं बोलत नाही. लंडनच्या माणसाला हात आणि मिरची यांतला फरक सांगून उपयोग नव्हता, त्याच्या नाकाला वास यायचा तो येणारच. पण हा मन्मथअप्पा नावाचा माणूस लातुरात दोन वाक्यं बोलला असता तर मी असं चोरासारखं धावत आले नसते. त्याच्या गप्प बसण्यावरून मी त्याला मनात केव्हाच काळ्या यादीत टाकलं होतं. मी एका पोत्यावर बसले आणि डोळ्याला हात लावला. तोच हात, मिरच्या दाबलेला. मग पुढचा बराच वेळ मला काही दिसलं नाही, आणि नरसाबाईनं आपल्या पिण्याच्या तांब्यातलं पाणी माझ्या डोळ्यात ओतलं.

अप्पा दुसऱ्या दिवशी सकाळी आले. मी आधीच आल्याचं बघून त्यांनी फक्त "जेवलात का?" विचारलं. मी आडपडदा न ठेवता सांगून टाकलं.

"अप्पा, तुमच्या तेलामुळं माल बाद होतो."

"मालाला न्हाई लावलं, बाई. हाताला लावलंय."

"हाताचं मालालाच जातं ना. लंडनला पोतं उघडलं की आधी तेच दिसतं."

हे त्यांच्या मनात कधी आलंच नव्हतं. आयुष्यभर तूर, करडई, मिरची विकलेला माणूस, पण त्यांच्या हिशेबात हे तेल व्यापारातलं नव्हतंच, मग ते मालापर्यंत पोचेल कसं. ते उभ्याउभ्या पोत्यांकडे बघत राहिले.

"मी लातुरात विचारलं तेव्हा सांगितलं का नाही?"

"दासोह हाय तो," ते म्हणाले. दासोह म्हणजे आपल्या कष्टाच्या कमाईतला वाटा दुसऱ्याला द्यायचा, अशी लिंगायतांची रीत. "बोलून दाखवला की गेला. घरात बी बोलत न्हाई आमी."

"मग आता तेल बंद करायला लागेल."

अप्पांनी त्या रडलेल्या मुलीकडे बघितलं. ती मान खाली घालून खुडत होती. "न्हाई जमायचं, बाई," ते म्हणाले. "तुम्ही लंडनला नका पाठवू. मी हितंच विकतो माल, हैदराबादला विकतो."

"हैदराबादला देठासकट मिरची चालते, अप्पा. देठ खुडायला तुम्हाला एक बाई लागणार नाही."

बिनदेठाची मिरची फक्त परदेशात लागते. तिकडची मागणी गेली की हे छप्पर रिकामं, आणि गावात दुसरं काम म्हणजे भर उन्हात खडी फोडणं, तेही रोजगार हमीच्या यादीत नाव लागलं तर. हे सगळं त्यांना माझ्याहून जास्त माहीत होतं. ते तिथल्या बाजेवर बसले आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. एवढा उंच माणूस तसा बसलेला बघून मला फार वाईट वाटलं. माझा संशय चुकला होता आणि तरी निकाल तोच लागत होता.

नरसाबाई सगळं ऐकत होती. ती उठली आणि म्हणाली, "अप्पा, तुम्ही च्या पिऊन या. ह्या बाईशी आमी बोलतो." अप्पा लहान पोरासारखे उठून गेले.

ते दिसेनासे झाल्यावर ती माझ्याजवळ आली. "तेल बंद करतो आमी. आजपास्नं. पर त्यांना सांगू नका."

"का नाही सांगायचं?"

"सांगितलं तर ते काम बंद करतेत. बघितलं न्हाई का तुम्ही? आमचे हात बघून त्यांना ऱ्हावत न्हाई. डबा येऊ द्या. आमी वाटून घरी नेतो. सांजच्याला हाताला लावतो. उरलं तर फोडणीला व्हतंय. यंदा तेल बघायला तरी कुठं भेटतंय."

"दिवसभर हात पेटतील त्याचं काय?"

"पेटू द्या की," ती म्हणाली. "हात आमचे हायत. तेल लावा म्हणताना बी आमाला कुणी इचारलं न्हाई, अन् काम बंद म्हणताना बी कुणी इचारत न्हाई. आता आमी सांगून राहिलो." मागच्या ढिगाभोवतीच्या बायका खुडायच्या थांबल्या होत्या. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

मी म्हटलं, बोटांना चिंध्या बांधून बघू. माझी एक जुनी सुती साडी फाडली. दोघीतिघींनी पट्ट्या गुंडाळून बघितल्या. देठ चिमटीत सापडेना, आणि तिखटाची पूड कापडात बसून जास्तच झोंबायला लागली. रबरी हातमोजे मुंबईहून पाठवते म्हटलं, तर नरसाबाई म्हणाली की ह्या पत्र्याखाली त्यात हात उकडून निघतील. तिनं पट्ट्या सोडल्या, त्यांची नीट घडी केली आणि मला परत दिल्या. मग पदरानं हात कोरडे पुसून ती ढिगाशी जाऊन बसली. बाकीच्यांनीही पुसले. कुणीतरी डब्याचं झाकण लावलं.

अप्पा परत आले तेव्हा मला त्यांच्याशी बोलायचं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांचं खोटं पकडलेली मी, स्वतः खोटं बोलताना जीभ अडखळेल असं वाटलं होतं. अडखळली नाही.

"लंडनला मी समजावून सांगते," मी म्हटलं. "ही पोती तुम्ही हैदराबादला काढा. पुढच्या मालाला तेल जरा बेतानं लावतील बायका. तुम्ही डबे पाठवत राहा."

"चालंल म्हणता लंडनला?"

"चालेल."

त्यांनी हात जोडले. "लई उपकार झाले, बाई. मला फिकर लागली होती." आणि एवढ्यावर त्यांचं समाधान झालं. एक प्रश्न विचारला नाही. मी त्यांच्या जागी असते तर दहा विचारले असते, आणि झाकण का लावलंय हा त्यातला पहिला. ते झाकण लावलेल्या डब्याच्या शेजारूनच गेले आणि लातूरच्या वाटेला लागले.

नवीन ढीग खुडून होईपर्यंत मी धर्माबादला राहिले. एक दिवस बायकांबरोबर खुडायलाही बसले. त्या मला हसत होत्या, कारण मी एक मिरची खुडेपर्यंत त्यांच्या मूठभर व्हायच्या. जेवणाच्या सुटीपर्यंत माझी बोटं सुजली. अंबाडीची भाजी आणि भाकरी समोर आली, तर घास तोंडाशी नेववेना. शेजारची ती तरुण मुलगी, लक्ष्मी तिचं नाव, तिनं माझी भाकरी कुस्करून भाजीत कालवली आणि म्हणाली, "चमच्यानं खावा. पयल्या दिसाला मला आईनं भरवलं होतं." दुपारनंतर ती स्वतः हात वरचेवर जमिनीवर दाबत होती. फरशी थोडी गार लागते म्हणून. पण उठली नाही.

पोती शिवली गेली तेव्हा मी एकूण एक तपासली. टीपकागद कोरडा निघाला. माल पास केला. निघताना नरसाबाई स्टेशनापर्यंत आली. तिनं नमस्कारासाठी हात जोडले, तर तळवे एकमेकांना न लावता, मधे अंतर ठेवून. मीही तसाच केला. दुसरा करताच येत नव्हता.

परतीला मनमाडमार्गे आले. मुदखेडला इंजिन पुन्हा पाणी प्यायला थांबलं आणि पुन्हा बायका धावत आल्या. या वेळी फायरमन दुसरा होता, त्यानं सोंड वेळेवर बंद केली. मनमाडला गाडी बदलताना हमालानं सामान उचललं, तर नेहमीसारखं मी त्याच्या मागे पळत लक्ष ठेवायला हवं होतं. त्या दिवशी गेले नाही. तो डब्यापर्यंत सामान घेऊन गेला आणि माझी वाट बघत उभा राहिला. असं रोज घडेल असं मी म्हणत नाही. मुंबईला घरी आल्यावर न्हाणीघरातला नळ पूर्ण सोडला आणि किती तरी वेळ हात त्याच्याखाली धरले. पाण्यानं मिरची जात नाही हे मला ठाऊक होतं. तरी धरले.

शेठना मी अहवाल दिला. तेलाचं कारण सापडलं, बंद केलं. ते म्हणाले, "अप्पा तेल लावत होता ना? तुम्हीच म्हणाला होतात." मी म्हटलं, "नाही, अप्पा मालाला तेल लावत नव्हते." त्यांनी माझ्याकडे संशयानं बघितलं. कुणाची बाजू घेऊन बोललेलं त्यांनी माझ्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

माल बोटीवर चढला. बऱ्याच दिवसांनी एकदा शेठ हसत हसत माझ्या टेबलापाशी आले. लंडनचा फोन होता. पुढच्या हंगामाचीही ऑर्डर दिली होती, मागच्याच्या दुप्पट. आणि लातूरहून नुकताच अप्पांचा निरोप आला होता की बायकांना काम पुरून उरेल, डबेही वाढवून पाठवतोय.

"काय म्हणाला माहितीय तो साहेब?" शेठ म्हणाले. "म्हणाला, इतका स्वच्छ माल बघितला नाही. जणू माणसाचा हातच लागलेला नाही."

मी टेबलावरचे हात उचलून मांडीवर घेतले. बोटांची जुनी कातडी तोवर गळून नवी आली होती.